डुकरिणीची प्रसूतीनंतरची निगा, भाग एक ते चोवीस

१२ मार्च

एकसष्ट! वैद्य शिलेदाराची नाडी चोवीस भागांत एकसष्ट वेळा बघतो. मिआओ सरांनी मोजलं. परवाना देण्याआधी मालिका बघून टिपणं काढणारे जे तज्ज्ञ असतात, त्यांतले हे एक. वय त्र्याहत्तर. चहाचा थर्मास आणि सूर्यफुलाच्या बिया घरून आणतात. तीन दिवस आमच्या हांगचौच्या कचेरीत बसून बिया फोडत होते. आम्हाला वाटलं, डुलक्या घेतायत.

"याला आजार कोणता?" सरांनी विचारलं.

"ताप, सर," बियान म्हणाला. बियान निर्माता, म्हणजे माझा मालक.

"एकसष्ट वेळा?"

"जुना ताप आहे."

"मग बरा का होत नाही? हा वैद्य आहे की कोण आहे?"

कोण आहे ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही. कादंबरीत या दोन पुरुषांचं एकमेकांवर प्रेम आहे. पडद्यावर तो 'जिवाभावाचा बंधुभाव' होतो. करणारी मी. पगार त्याचाच.

१४ मार्च

टिपणं आली. त्रेचाळीस.

एकमेकांकडे तीन सेकंदांपेक्षा जास्त बघायचं नाही. (शत्रूकडे कितीही बघा.) कंबरपट्टा दुसऱ्याने बांधायचा नाही. चुंबन नाही—हे सांगायला नकोच होतं, पण दिग्दर्शकाने उत्साहात चित्रित करून ठेवलंय.

बियान म्हणाला, "बुडालेल्याला श्वास देतोय असं दाखवू."

मी म्हटलं, "हा वाळवंटातला भाग आहे."

त्याने पटकथेचं पान उलटून वाळवंट असल्याची खात्री केली. मग फोन उचलून खालच्या मजल्यावरच्या संगणकवाल्यांना म्हणाला, "तिथे एक विहीर घाला रे." दुपारी चारपर्यंत विहीर खणून झाली. पाण्यासकट. वाळवंटात इतक्या लवकर पाणी कुणाला लागलं नसेल!

१९ मार्च

शिलेदाराला वाग्दत्त वधू द्यायची. चौथ्या भागात येते, भरतकाम करते, सहाव्यात मरते. नटीने नम्रपणे विचारलं, "यूताई, मी मरते कशाने?"

माझ्याआधी बियान बोलला. "कथेच्या गरजेने."

२३ मार्च

आज मूळ लेखिकेची टिंगल. टिपण क्रमांक सात—मूळ कादंबरीचं आणि लेखिकेचं नाव श्रेयनामावलीतून काढा. बियान म्हणाला, "असेल कोणी सोळा वर्षांची. तोंडावर पुरळ, वहीत दोन राजपुत्र." सगळे हसले. मीही हसले. जरा जास्तच.

मग नाव मीच खोडलं. माझंच.

कचेरीत कुणाला माहीत नाही. कादंबरी जिथे टाकली त्या संकेतस्थळामार्फत हक्क गेले, टोपणनावाने. मी ती साहित्याची पदवीधर, निर्वासित कवींवर प्रबंध लिहिलेली, असल्या कादंबऱ्यांना नाक मुरडणारी यूताई. स्वतःच्या कादंबरीचं कातडं स्वतःच सोलतेय, आणि बियानला वाटतं मी कामात तटस्थ आहे.

का लिहिली ते इथे तरी लिहावं. दादाला जाऊन आठ वर्षं झाली. यकृत. रुआन त्याच्याबरोबर अकरा वर्षं राहिला, शेवटच्या सात महिन्यांत इस्पितळातल्या खुर्चीवर झोपला. आईच्या लेखी तो 'खोलीवरचा मित्र'. दादा शेवटी मला म्हणाला, "आईला तू सांग. माझ्याने होत नाही." मी म्हटलं, सांगते.

सांगितलं नाही. तीन लाख शब्द लिहिले. आणि आई पंचांगाशिवाय काही वाचत नाही! ती मालिका बघते. रोज संध्याकाळी सात ते नऊ, फोनवर, आवाज पूर्ण.

म्हणून हक्क विकले. म्हणून ही नोकरी धरली. कोट्यवधी प्रेक्षक बियानला लखलाभ. मला एकाच प्रेक्षकापर्यंत पोचायचंय.

५ एप्रिल

पूर्वजांचा दिवस. आईकडे, शाओशिंगला गेले. आई, मी, रुआनदादा. तो दरवर्षी निंगबोहून येतो. आमच्या आधी टेकडीवर पोचून पानं झाडून ठेवतो.

आईने तांदळाचे हिरवे गोळे मांडले, कागदी नोटा जाळल्या, आणि दादाच्या थडग्यासमोरच सुरू झाली. "रुआन, एक्केचाळीस झालास. लग्न कधी करणार? झेयुआन असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं."

"हो, मावशी."

"नुसतं हो मावशी. दरवर्षी हो मावशी! गोळा घे."

त्याने गोळा घेतला. मी धुराकडे बघत राहिले. धूर बरा असतो, डोळ्यांना कारण मिळतं.

१८ एप्रिल

मिआओ सरांचं शेवटचं टिपण: दोघांपैकी एक गेला पाहिजे.

"शोकांत असला की उदात्त होतं," सर बी फोडत म्हणाले. "दोघं म्हातारे होईपर्यंत एका होडीत राहतात—हे काय दाखवणं झालं? समाजाला यातून काय घ्यायचं?"

मी म्हटलं, "मासे कसे पकडायचे ते."

बियानने टेबलाखालून लाथ मारली.

सर गेल्यावर तो म्हणाला, "साहित्य शिकलीस ना? मार एकाला. वैद्याला मार. त्याचं मानधन जास्त आहे."

२१ एप्रिल

मारला. दोन पानांत. कड्यावरून पडतो, शिलेदार वर उभा राहून देशसेवेची शपथ घेतो.

दादा दुसऱ्यांदा मेल्यासारखं वाटलं. अधिक लिहीत नाही.

३० एप्रिल

आज बियानच्या लोभावर प्रेम जडलं! परदेशी हक्क त्याने आधीच बँकॉकला विकून ठेवलेत. तिकडच्यांना तीन सेकंदांचा नियम नाही आणि मेलेला वैद्य नकोय. करारात लिहिलंय—'दोघेही जिवंत.' असली अट मीसुद्धा घातली नव्हती.

तर एका दुपारी दोन्ही शेवट चित्रित झाले. दोनला वैद्य कड्यावरून गेला. चारला कपडे बदलून होडीत बसला.

पण आई बँकॉकला राहत नाही. आईला कडा दिसणार.

७ जून

परवाना! बियानने बियाच वाटल्या, सूर्यफुलाच्या. शुक्रवारपासून रोज एक भाग. नाव बदललंय—'निष्ठावंत वैद्य'. क्षयरोगाच्या सरकारी माहितीपटासारखं.

आईला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, आमच्या कंपनीची नवी मालिका आहे, जुन्या काळची, बघ.

"त्यात सासू आहे का?"

"नाही."

"मग काय बघायचं?"

१४ जून

आईचा फोन. "तो वैद्य लबाड आहे."

"का गं?"

"ताप-बीप काही नाही त्याला. मी दोन पोरं वाढवली, मला ताप कळतो. हात धरायचाय, म्हणून नाडी."

 त्रेचाळीस टिपणं, एक विहीर, एक मेलेली वधू—आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईला तिसऱ्या भागात कळतं!

"मग, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय? कोंगकाकू म्हणते, दोघं दिसायला छान आहेत." आणि फोन ठेवला. कोंगकाकू म्हणजे चौकात व्यायामाला नाचणाऱ्या बायकांतली तिची मैत्रीण. दोघी आता एका फोनवर दोन डोकी लावून बघतात.

२० जून

नववा भाग झाला आणि मालिका उतरवली! 'तांत्रिक कारण.' तंत्र कोणतं, हे आपल्या देशात कुणी विचारत नाही.

तक्रार गेली होती. शंभर-दोनशे नाही, अकरा हजार. कुणाच्या? धर्ममार्तंडांच्या नाही. शिलेदार झालेल्या नटाच्या स्वतःच्या भक्तमंडळाच्या! त्यांनी मोजलं की वैद्याचे जवळून घेतलेले चेहरे सतरा जास्त आहेत. अपमान झाला. मग त्यांनी कळवलं की मालिका तरुणांना बिघडवते. आपल्याच देवाच्या देवळाला आग लावली आणि वर पाणी देवानेच आणायचं.

बियान भिंतीला डोकं टेकून उभा होता. "यूताई, शत्रू परवडले."

आई: "माझं काय? मी नवव्या भागात अडकून बसलेय! शिलेदाराला बाण लागलाय."

एक गोष्ट आता सुचली. मालिका चालू राहिली असती तर आईने कडा बघितला असता.

९ जुलै

आईचा फोन. आवाज गुदमरलेला. घाबरले.

"काय झालं?"

"काही नाही. उताणी पडलेय. सोफ्यावरून डोकं खाली सोडलंय."

"का?"

"चित्र उलटं आहे गं!"

उलगडा असा. कोंगकाकूच्या नातीने मालिका मिळवली. बँकॉकची प्रत. लोक एकमेकांना देतात ती उलटी करून, म्हणजे तपासणाऱ्या यंत्राला चेहरे ओळखू येत नाहीत. वरचं नाव—'डुकरिणीची प्रसूतीनंतरची निगा, भाग एक ते चोवीस'. आता डुकरीण म्हटल्यावर कोण उघडून बघणार!

"मग फोन उलटा धर ना."

"धरला. चित्रही फिरतं. हट्टी आहे. कोंगकाकू म्हणाली, आपणच फिरू. तिची कंबर धरलीय, ती जमिनीवर आहे."

चित्राचं फिरणं बंद कसं करायचं ते सांगितलं.  मग कोंगकाकूचा आवाज: "दोन भाग झाल्यावर सांगते होय गं भवाने!"

मी कचेरीच्या जिन्यात बसून हसले. मग बराच वेळ तिथेच बसले. हे लोक कोण? रात्रंदिवस खपून प्रत उलटी करतात, तिला डुकराचं नाव देतात, अनोळखी म्हातारीला पोचवतात. पगार नाही, श्रेय नाही. माझ्यासारखं त्यांच्याकडे कारणही नसेल.

मीही परवान्याशिवायच प्रदर्शित झालेली. एकाच मुलाची परवानगी होती तेव्हाचं दुसरं मूल. माझ्यासाठी आईने दंड भरला होता.

१६ जुलै

आईने चोविसावा भाग बघितला. सकाळी फोन आला. नेहमीसारखी ओरडली नाही.

"होडीत बसून मासा खातात शेवटी."

"हो."

"वैद्य काटे काढून त्याच्या वाटीत घालतो."

"हो."

"रुआनही काढायचा. झेयुआन आजारी होता तेव्हा. मी म्हणायचे, किती नीटस पोरगा."

 आता बोलायचं, हे समजत होतं. तीन लाख शब्द लिहिणारी! एकही सुचला नाही.

"कुकर झाला," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

२ ऑगस्ट

आई त्याबद्दल बोलत नाही. टोमॅटोचे भाव बोलते.

२५ सप्टेंबर

तेच. दुसरी मालिका लावलीय. सासू असलेली.

बियान नवी कादंबरी घेऊन आलाय. दोन पुरुष, एक हिमनदी. "इथे तरी विहीर लागणार नाही," म्हणाला. मी म्हटलं, बर्फाखाली पाणी असतंच.

१० नोव्हेंबर

आईने विचारलं, "रुआनचं पूर्ण नाव लिहून पाठव. कागदावर असतं तसं."

"कशाला?"

"काम आहे."

"कसलं काम?"

"तुला सांगितलंच पाहिजे? तू मला सगळं सांगतेस?"

पाठवलं. पाठवल्यावर कोंबडी आठवली. आईने पूर्वी खालच्या मजल्यावरच्या कोंबडीविरुद्ध पालिकेत तक्रार केली होती, पूर्ण नावानिशी—कोंबडीवाल्याच्या. तिला राग आला असेल. अकरा वर्षं फसवलं, वर आठ वर्षं. निंगबोला, त्याच्या शाळेत कळवेल? तो भूगोल शिकवतो. एक पत्र पुरे होतं.

अकरा हजार परक्यांचं काही वाटलं नव्हतं. हिची एकच तक्रार.

११ नोव्हेंबर

रुआनदादाला फोन करून इशारा द्यावा? काय सांगू—आईने मालिका बघितली?

केला नाही. भित्री ती भित्रीच.

२० डिसेंबर

उद्या वर्षातला सर्वांत छोटा दिवस, थडग्यावर जायचं. दुपारी अनोळखी नंबर. शाओशिंगचा पाथरवट. "ताई, खात्री करायला फोन केला. तुमच्या आईने भावाच्या शिळेवर आणखी एक नाव कोरून घेतलंय. आज त्यात रंग भरायचा, तर त्या लाल म्हणतात. आमच्यात लाल फक्त एकाच नावाला—मागे राहिलेल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या, अजून हयात आहे म्हणून. आणि हे तर पुरुषाचं नाव आहे. त्यांचं वय झालं, चुकून तर नाही ना सांगितलं?"

मी म्हटलं, चूक नाही. भरा.