हजेरीच्या वहीतलं माझं नाव

प्रिय आईस,

प्रभूच्या कृपेने तू, दादा आणि मेंढरं थंडीत सुखरूप असाल, अशी रोज प्रार्थना करते. मी बरी आहे. मक्याचा घाटा पोटभर मिळतो. तुझे गुडघे कसे आहेत?

एक गोष्ट लपवली होती. ह्यांनी दुसरी बायको आणली. लग्नाच्या दिवशी होणाऱ्या लेकीवरून मला दिलेलं 'मालेराटो', म्हणजे लेराटोची आई, हे नाव सासूबाईंनी तिला दिलं. म्हणाल्या, "सहा वर्षांत लेराटो आली नाही, मग नाव कशाला अडवून बसतेस?" आता घरात मला कुणी हाकच मारत नाही. बुधवारी नदीच्या पुलावर फार वेळ उभी होते. काळजी करू नकोस, परत आले.

गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेला गेले. तांबडं ब्लाउज घातलेल्या म्हाताऱ्या मामोसा म्हणाल्या, "मॅट्रिक ना गं तू? मग हजेरी लिही. आमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!" सगळ्यांची नावं लिहिली आणि माझ्या नावापाशी पेन अडलं. रडत रडत सगळं सांगितलं.

"आईनं काय नाव ठेवलं होतं?" मामोसांनी विचारलं.

मी सांगितलं.

"ते कुठली सासू परत मागणार? लिही, पोरी."

मग सगळ्या जणी गुडघ्यांवर बसून त्याच नावानं माझ्यासाठी देवाला विनवत राहिल्या.

आई, जीव अजून थाऱ्यावर नाही. लवकर उत्तर लिही, पण चर्चच्या पत्त्यावर. पाकिटावर मालेराटो लिहू नकोस. ते नाव आता तिचं, पत्र तिच्याच हाती जाईल.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
पुलेंग