भिंगाखालचा माळ

१६ जानेवारी १९७८, वाशी
एखाद्या जागेला 'पडीक' कधी म्हणायचं? आज पहिल्याच दिवशी आमचे वरिष्ठ, अरविंद सबनीस साहेब, यांनी हे विचारलं. मग तेच हसले, म्हणाले, उत्तर काम करता करता येईल. तरी आजचा दिवस फार आनंदाचा. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आता नव्या शहराच्या नकाशावर माझ्या हातची रेघ असणार. विमानातून काढलेले फोटो पाहून जमिनीवरचे जुने बांध, तळी, गढ्या ओळखायच्या, म्हणजे जपण्यासारखं काही बुलडोझरखाली जाणार नाही. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिले की सपाट कागदातून जमीन उठून वर येते. शेजारच्या टेबलावरच्या नजीबने बजावलं, डावा-उजवा उलटा ठेवलास तर डोंगराची विहीर होते, आणि मग साहेब तुलाच त्या विहिरीत ढकलतात.

२७ जानेवारी
नावड्याजवळच्या माळाचे फोटो आले. तिथे गवताशिवाय काही नाही, असं सगळे म्हणतात. पण फोटो सकाळच्या तिरप्या उन्हातले. भिंगाखाली एक जुना गोल बांध दिसला, एका बाजूला वाट सोडलेला. आत बुटके, लांबट उंचवटे, सगळ्यांची डोकी एकीकडे. मी लगेच ओळखलं. आमच्या गावी ओढ्यापलीकडे असेच आहेत. त्यातल्या एकावर, धाकट्या भावाच्या, मी स्वतः काटेरी फांद्या ठेवल्यात, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून.
चहाच्या वेळी साहेबांना सांगणार होते. तेवढ्यात तेच म्हणाले, जमीन घ्यायची म्हटली की ही माळाशेजारच्या वस्तीतली माणसं जिथेतिथे थडगी दाखवतात, आपल्यासारख्यांनी भुलायचं नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं; त्यावरून जात कळत नाही. 'आपल्यासारख्यांनी' या शब्दाला मी मान हलवली आणि चहा संपवला.

२ फेब्रुवारी
जीपने माळावर गेलो. बांधावर शेळ्या घेऊन वस्तीतली एक म्हातारी बसली होती, बयाबाई. मला पाहून म्हणाली, 'पोरी, तू कुनाची?' मी म्हटलं, ऑफिसची. ती बिनदातांचं हसली. 'हापिसाला कवा पोरी झाल्या?' मग बांधाच्या आत बोट दाखवून म्हणाली, 'पटकीच्या सालात गेलेली आमची मानसं हायत हितं. वरून दिसत्यात का तुला?'
जीपपाशी उभ्या साहेबांनी विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं, इथे शेळ्या चारतात म्हणते.
म्हातारीने ते ऐकलं. शेळी तेवढी जवळ ओढून घेतली.
परतल्यावर नकाशावरच्या त्या गोलात मी शाईने लिहिलं: पडीक. अक्षर सुरेख आलं.

७ फेब्रुवारी
नकाशा जमीन सपाट करणाऱ्यांकडे जाण्याआधी शेवटची तपासणी. भिंगाखाली उंचवट्यांच्या जागी खड्डे. फोटो उलटे ठेवले असणार. नंबर पाहिले, बरोबर होते. मुद्दाम उलटवले, तरी खड्डेच. नजीबने पाहिलं. त्याला उंचवटेच दिसले. डोळे धुऊन ये, म्हणाला.
धुऊन आले. खड्डेच.

९ फेब्रुवारी
खड्डे रिकामे. बांधाच्या तोंडाशी आता सावल्या आहेत, माणसांच्या, लांब. माणसं नाहीत — नुसत्या सावल्या. माळाच्या कडेच्या झाडांच्या सावल्या पश्चिमेकडे पडल्यात. या मात्र फोटोच्या खालच्या कडेकडे. माझे हात असतात तिथे.
या वेळी नजीबला दाखवलं नाही. काय म्हणून सांगणार — कोण आहेत ते मला ठाऊक आहे म्हणून?

१० फेब्रुवारी
सावल्या कडेला टेकल्या. त्यांत एक अगदी लहान. भावाएवढी. पण तो तर तिकडे, ओढ्यापलीकडे — इथे कसा —
टेबलावर लाल माती. झटकली. बोटांखाली पुन्हा. कुणीतरी विचारतंय, तू कुणाची. उत्तर येतं मला. तोंड उघडत —

११ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं. थडगी खरी आहेत. मी खोटं बोलले. ती माणसं माझी आहेत, मी त्यांच्यातलीच. साहेब माझ्या चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, नकाशा गेला, सोमवारी बुलडोझर लागेल.
पुन्हा भिंगाखाली पाहिलं. सगळे खड्डे बुजलेत. एकच उघडा, बांधाच्या तोंडाशी. माझ्या उंचीचा.

१३ फेब्रुवारी, सोमवार, माळावर
सकाळ. सगळीकडे गवत. पण तो एक खड्डा खरा आहे. बयाबाई बांधावर होती. तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, तुमची. म्हणाली, 'मग उतर.'
उतरले. माती गार — बाजूने एक लहानसा हात आला, बोट धरलंय. भीती नाही, लाजच —
बुलडोझरची घरघर. जवळ —
वर आभाळात दोन गोल भिंगं. कुणी वाकून पाहतंय. त्याला खड्डा दिसता कामा नये. ताज्या उंचवट्याला कुणी पडीक म्हणत नाही — म्हणून माती मीच ओढून घेतली, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, आता लिहिणारा हात तेवढा —