कडेची सावली

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो होतो. आज मात्र तुम्ही समोर असता तर काय बोलून बसलो असतो, देव जाणे. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन आणि राग यायला आजचा दिवस उजाडावा लागला.

सकाळी कळंबची एक बाई माझ्या मंचरच्या सोनोग्राफी सेंटरवर आली. हातात, पोट दुखतं म्हणून आळेफाट्याला काढलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट. पित्ताशयाच्या मानेत, म्हणजे निमुळत्या तोंडाशी, खडा, परवा ऑपरेशन. "लेक पहिलटकरीण हाय, कवाबी कळा येतील तिला," ती म्हणाली. "मी दवाखान्यात पडले तर तिच्याजवळ कोन ऱ्हाईल? एकडाव तुमी बगा." मी बघितलं. मानेखाली काळी पट्टी होती खरी, खड्याखाली पडते तशीच. मग तिला डाव्या कुशीवर घेतलं, श्वास धरायला सांगितला, बाजूनं बघितलं. पट्टी गायब! खडा नव्हताच. पित्ताशयाच्या गोल कडेवरून मशीनच्या लहरी वाकतात आणि खाली उगाच काळं पडतं, तेवढंच ते होतं. "मंग त्यानला दिसलं ते काय व्हतं?" मी म्हणालो, सावली. "सावलीपायी माजं प्वाट फाडत व्हते व्हय?" बाई ताडकन उठून बसली. मी लगेच सर्जनला फोन केला. ऑपरेशन थांबलं, दुखण्याचं कारण दुसरीकडं शोधायचं ठरलं, आणि बाई लेकीकडं गेली.

रिपोर्टखालची सही माझ्याच बॅचमधल्या मित्राची होती. आठवतो ना तुम्हाला? नसेल आठवत. मला मात्र तो दिवस लख्ख आठवतो. टेबलावर पेशंट आहे, आम्ही सगळे शिकाऊ भोवती उभे, आणि तो विचारतो, "सर, ही शॅडो खरी कशावरून?" काय चुकलं होतं हो त्याचं? तुम्ही पोटावर फिरवायचा प्रोब आपटलात. "पेशंटसमोर शंका काढतोस? मशीन खोटं बोलतं, का मी? अक्कल गहाण ठेवून आलायस?" पेशंटसुद्धा कावराबावरा झाला. मित्राचे कान लाल झाले. त्यानंतर त्यानं तुम्हाला कधी काही विचारलं नाही. पडद्यावर दिसेल ते खरं, असं मानून तो पास झाला.

आणि त्याच दुपारी तुम्ही मला बोलावलंत. मला! ज्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता त्याला. दार लावलंत, शर्ट वर करून स्वतः टेबलावर आडवे झालात आणि म्हणालात, "ठेव प्रोब. दिसली काळी पट्टी? आता मी कुशीवर वळतो. गेली ना? मला खडा नाही, बाबा. याला आर्टिफॅक्ट म्हणतात. यंत्र खोटं बोलतं, लई वेळा बोलतं." मग पोटावरची जेली पुसत म्हणालात, "त्याला सांगू नकोस. त्याचं त्याला कळू दे." नाही कळलं, सर! कसं कळणार होतं? तुम्हाला येत होतं, पाच मिनिटांचं काम होतं, आणि तेवढ्यासाठी परवा एका बाईचं पोट फाडलं जाणार होतं. याआधी किती जणांचं फाडलं असेल, ते ना तुम्ही सांगणार, ना त्याला विचारायचा मला धीर होणार. कसली शिस्त म्हणायची ही? विचारणाऱ्याला शिव्या आणि गप्प बसणाऱ्याला प्रसाद.

संध्याकाळी मित्राला फोन केला. सगळं सांगितलं, कुशीवर कसं घ्यायचं तेही. तो म्हणाला, "राव, मी विचारलं होतं रे तेव्हा. आपल्याला कुणी शिकवलंच नाही. तुला कुणी सांगितलं?"

सर, एवढा संताप होता, तुमचं नाव जिभेवर होतं. तरी मी म्हणालो, "कुणी नाही. पुस्तकात वाचलं."