त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल

गोडादरा, सुरत
१२ डिसेंबर १९९६

प्रिय योगिता,

तुला आणि सागरला आईचे आशीर्वाद. दिवाळीच्या पाडव्यालाच तू सागरला कडेवर घेऊन धुळ्याला निघून गेलीस, त्यानंतर तुझं साधं कार्डही नाही. तुझा राग मला कळतो. अडीच वर्षांच्या पोराला त्याचे आबाच, म्हणजे तुझे नाना, 'हा बोलत नाही, डॉक्टरला दाखव' म्हणाले, तर कुठल्या आईला झोंबणार नाही? त्यातून पोरगं 'आबा, आबा' करत मागे मागे फिरत होतं आणि हे ओ देत नव्हते. पण पत्र पुरतं वाच, मग काय रागवायचं ते रागव.

इथे आमच्या घरात सध्या पेट्रोलवरून महाभारत चालू आहे. उन्हाळ्यात रिक्षाचं इंजिन चढावर टकटक वाजायला लागलं. भिकन मेकॅनिक म्हणाला, पिस्टन घासलाय, इंजिन खोलावं लागेल. यांना ते पटेना. स्टँडवर कोणीतरी सांगितलं, मोठ्या गाड्यांना घालतात ते त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल टाक, टकटक आपोआप थांबते. झालं! तेव्हापासून लांबच्या पंपावर जाऊन तेच महागडं पेट्रोल भरतात. भिकनने कपाळावर हात मारला. घासलेल्या पिस्टनला पेट्रोल काय करणार, म्हणाला. मीही बोलले की हे चोचले कशाला. पण हे खूश. कापडाच्या कारखान्यातलं लूमवरचं काम सोडून स्वतःची रिक्षा घेतली ना, तिला तूप-रोटी खाऊ घालतोय असा सगळा थाट.

परवा त्यांच्याबरोबर बाजारात निघाले होते. पुलाच्या चढावर मागे वळून म्हणाले, "दख, आवाज बंद व्हयना ना?" थांबला म्हणे! योगिता, माझ्या सीटखाली टकटक चालूच होती, पहिल्यापेक्षा जास्तच. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करत नव्हते. तेवढ्यात मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देत आला, आणि हे आपले रस्त्याच्या मधोमध, निवांत. ट्रकवाल्याने शिव्या घालत बाजूने गाडी काढली, तेव्हा कुठे यांना तो दिसला. रोज सकाळी याच रिक्षात शाळेची पोरं कोंबलेली असतात गं.

घरी आल्यावर ते पायरीवर पाठमोरे बसून चपला काढत होते. मी मागे उभी राहून चांगल्या खणखणीत आवाजात "दगा" अशी हाक मारली. उखाण्याशिवाय जे नाव मी जन्मात घेतलं नाही, ते एकेरी घेतलं. ऐकू आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. ते चपलेची धूळ झटकत राहिले. मी आत जाऊन रडले. इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, घरीही ओरडूनच बोलायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. आपल्याला ती कारखान्याची सवय वाटली.

कान दाखवा म्हटलं, तर ताट सरकवून उठले. "मी काय बहिरा शे का?" त्यांची भीती मला कळते. बहिऱ्याच्या रिक्षात आपली पोरं कोण बसवणार? आणि पुन्हा लूमवर उभं राहायचं आता त्यांचं वय नाही. मलाही तीच भीती आहे, पण त्या पोरांची जास्त आहे.

म्हणून तुला लिहिते. माझ्या सांगण्याने ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, नातवासाठी चढतील. दिवाळीपासून सारखं विचारतात, पोराला दाखवलं का म्हणून. तर तू त्यांच्या नावाने एक पत्र टाक. लिही की नाना, तुमचं बरोबर होतं, सागर बोलत नाही, त्याला सुरतेला कानाच्या डॉक्टरकडे आणते, तुम्ही बरोबर चला. तुझा सागर दिवसभर तोंड मिटत नाही हे मला ठाऊक आहे, आणि हे लिहिताना तुझ्या जिवावर येईल हेही. तरी लिही. तिथे गेल्यावर पोरगं घाबरतंय म्हणू आणि आधी आबांना खुर्चीत बसवू. हे पत्र मात्र फाडून टाक. आणि सागरला सांग, आबा त्याच्यावर रुसलेले नाहीत. हाक समोर येऊन मार म्हणावं.

वाट बघणारी, तुझीच,
आई