तुझ्या सहीचा रिपोर्ट

गौलीगुडा, हैदराबाद
१२ ऑक्टोबर २०१०

प्रिय विक्रम,

तीन वर्षांनी माझं पत्र बघून दचकला असशील. दचक. ईमेल मुद्दाम केला नाही, तू न वाचताच उडवला असतास. बाबा पोस्टातून रिटायर झाले. आई अजून तुझी चौकशी करते आणि मी विषय बदलते. पेपरात तुझा फोटो पाहिला. वायमॅक्सची बिनतारी इंटरनेट यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा दक्षिणेतला मुख्य! कोट छान आहे, पोट मात्र सुटलंय.

आपल्या मोबाइल कंपनीत वायमॅक्सची चाचणी आपल्या दोघांच्या गळ्यात पडली होती, आठवतं? साहेबांनी ती नामपल्लीला नुमाइश प्रदर्शनाच्या मैदानावर घ्यायला सांगितली. मैदान मोकळं, टॉवर समोर, वेग झकास. मीच म्हटलं, लोक काय रिकाम्या मैदानात उभं राहून इंटरनेट वापरणार आहेत? मग अठरा दिवस मांडीवर लॅपटॉप घेऊन मी ऑटोतून बेगम बाजारच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मिरचीच्या पोत्यांपाशी शिंकून शिंकून जीव जायचा. तू दोनदा आलास आणि दोन्ही वेळा लस्सी प्यायला उतरलास. ऑटोवाला दर वळणावर विचारायचा, 'अम्मा, तुमारा डब्बा फिर मर गया क्या?' मरतच होता. ऑटो हलला की कनेक्शन तुटायचं. मी चाळीस पानं लिहिली: चालत्या गाडीत, दाट वस्तीत हे टिकणार नाही, एलटीई हे नवं तंत्र येईपर्यंत थांबा.

त्याच महिन्यात तू घरी आपल्या लग्नाचं विचारलंस. आमची जात ऐकून तुझे वडील, केशवराव, नाही म्हणाले आणि तूही मान खाली घातलीस. मी रडले, पण समजून घेतलं. रिपोर्टवरचं माझं नाव खोडताना मात्र तुला कोणी भाग पाडलं होतं? सही तुझी एकट्याची. चुकीच्या खरेदीतून कंपनीला वाचवलं म्हणून बढती तुला, आणि माझी बदली बिलिंगमध्ये. त्या दिवसापासून तुझं भलं व्हावं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

आता कामाचं. तू सोडून गेलास त्या आपल्या कंपनीला फोर-जीसाठी वायमॅक्स की एलटीई, हे ठरवायचंय. मी बिलिंगमधून परत आलेय आणि निवड समितीत आहे. पुढच्या गुरुवारी वायमॅक्सची बाजू मांडायला तू येणार, हे कालच कळलं. मी तुझ्याविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. सातही सदस्यांना फक्त तो रिपोर्ट वाटलाय, शेवटच्या पानावर तुझी ठसठशीत सही. तो खरा म्हणालास तर तुझं यंत्र तुझ्याच तोंडून बाद. खोटा म्हणालास तर बढती कशावर घेतलीस ते सांग. नाहीतर भर सभेत उभं राहून सांग की, हे मी लिहिलंच नव्हतं, समोर बसलेल्या रेणुकाने लिहिलं होतं. त्यानेही तुझं यंत्र वाचणार नाही, पण तेवढं एक वाक्य मला ऐकायचंय. हे सगळं गुरुवारी आयत्या वेळी समोर ठेवता आलं असतं. पण मग तुला एकच वाईट दिवस मिळाला असता. आज कळवलं, म्हणजे नऊ मिळतील.

कधीकाळची तुझीच,
रेणुका