एस्कुदेरोचा हात

प्रिय मेल्चोर,

घरी बोलायला जावं तर तू घास तोंडात धरून पेंगतोस, म्हणून लिहितेय. रागाच्या भरात खरडलंय, अक्षर लावून घे.

आपल्या लग्नात माझ्या आजोबांनी तुझी ओळख किती मानाने करून दिली होती! म्हणाले, एस्कुदेरो म्हणजे सरदाराची ढाल वाहणारा, तलवारी निघाल्या तरी धन्याची बाजू न सोडणारा. तुझ्या पणजोबांची ती ढाल आता पिठाच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. आणि माद्रिदच्या एस्कुदेरोंना काम उरलंय एकच: बाईसाहेबांना हात देऊन चर्चला नेणं. नेतोस तर ने, पोट आहे. पण तुझ्या बाईसाहेबांचे, त्या दोन्या मेन्सियाचे, जोडे वीतभर उंच, म्हणून ती तुझ्या हातावर एवढी रेलते होय रे? मी खांबाआडून बघते. पायरी एक आणि तुमचं थांबणं तीनदा! माझी मेलीची घागर उचलायला मात्र तुझा हात कधी मोकळा नसतो. जळते मी, सरळ सांगते. तिच्या बोटांनी झिजलेली ती बाही रफू कोण करतं? मीच ना!

मंगळवारी नदीवर दोन्या मेन्सियाची धोबीण कितेरिया भेटली. "राजाचा दरबार माद्रिदहून वायादोलिदला हलतोय, आमच्या बाईसाहेबही निघाल्या," म्हणाली. "एस्कुदेरोही जातोय बरोबर. सडाफटिंग माणूस, ना बायको ना पोर, त्याला काय!" सडाफटिंग! माझ्या हातातली चादर वाहून गेली तरी मला पत्ता नाही. नऊ वर्षं तुला मसूर रांधून घालणारी मी मग कोण, शेजारीण?

तडक त्यांच्या दारात गेले. बाईसाहेबांच्या मागून चालणारी पांढऱ्या ओढणीतली म्हातारी सोबतीण, ती दुएन्या, प्रवासाला नाही म्हणालीय, तिच्या जागी कुणीतरी हवंच होतं. कारभारी म्हणाला, "विधवाच लागते हं." म्हटलं, "आहे ना मी. नवरा फ्लँडर्सच्या लढाईत गेला." डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते खोटं नव्हतं. तू म्हणालास बायको नाही, मी म्हटलं नवरा नाही. फिट्टंफाट.

नोकरी मिळाली! तेव्हा रविवारपासून पुढे तू, मध्ये ती आणि मागे मी. दचकू नकोस, वळून बघू नकोस. ओळख दाखवलीस तर दोघांचीही नोकरी जाईल, म्हणूनच हे आधी कळवतेय. वायादोलिदपर्यंत वाट लांबची आहे. माझा नवरा खरंच मेलाय की अजून जिवंत आहे, ते मी तुझ्या हाताकडे बघत बघत ठरवेन.

तुझीच, तूर्तास विधवा,
ब्रिआंदा