के. आर. पुरमची गाडी आणि दिलपसंद

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. ज्या कंपनीत तुम्ही ठेक्याच्या टपालगाड्यांची बिलं तपासलीत, तिथेच आता मी तपासते. गाडी किती फिरली, डिझेल किती लागलं, सगळं स्क्रीनवर दिसतं. पण ते मोजणारं यंत्र गाडीत बसवलं कुणी? ठेकेदारानंच! मग मी कशाला विश्वास ठेवू? तुमचीच मुलगी ना मी.

स्वयंपाकघरात तुम्ही मला केवढं झापलं होतं, आठवतं? ठेकेदाराचा माणूस दिवाळीची मिठाई देऊन गेलाय, मी डबा उघडतेय आणि तुम्ही तो हातातून ओढून घेताय. "त्यांचं गोड खाल्लं की त्यांचे खोटे किलोमीटरही गिळावे लागतात." आई म्हणाली, "अहो, पोर आहे ती." तुम्ही ऐकताय होय! डबा परत गेला, मी रडत बसले. आणि गाडीबरोबर थेट के. आर. पुरमपर्यंत रस्ता तपासायला गेलात, की येताना तुम्हीच शिवाजीनगरच्या बेकरीतला दिलपसंद आणायचात. खोबऱ्यानं गच्च भरलेला तो गोड पाव. "हा माझ्या पैशांचा," म्हणायचात. मी कधी शंका घेतली नाही.

के. आर. पुरमच्या गाडीचा खर्च फार वाटला, म्हणून आज मी स्वतःच तिच्यात बसले. ड्रायव्हर म्हातारा, आपल्यातलाच, या कानडी मुलखातही घरी मराठी बोलणारा. शिवाजीनगरला त्यानं गाडी थांबवली.

"उतरा अक्का."

"का? पुढचा रस्ता बघायचाय मला."

"अप्पा इथंच उतरायचे की. पुढं कधी आलेच नाहीत. ठेकेदार सेठ त्यांना इथल्या बेकरीतनं दिलपसंदचा डबा द्यायचे, किलोमीटरच्या कागदावर सही घ्यायचे. सरी, बरं, तुम्ही बसा."

खोटं बोलतोय मेला! मला गप्प करायला रचलंय सगळं. मी उतरले नाही. फोनवर अंतर मोजत शेवटपर्यंत गेले, तर बिलातल्यापेक्षा रस्ता कितीतरी कमी भरला. ही लबाडी आत्ताची, की तुमच्या सहीपासूनची? विचारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ऑफिसात परतले, तर टेबलावर दिलपसंदचा डबा. कुणाचं नाव नाही. तो परत पाठवायचा, हे तुम्हीच शिकवलंत. अप्पा, तुम्ही खरंच पैसे देऊन आणायचात का हो? एवढंच सांगा. राग येतोय आणि रडूही येतंय. हे पत्र टाकणार तरी कुठे, शेवटी त्याच गाडीत जायचं. बिल अजून समोर पडलंय, सही केलेली नाही. पण एक तुकडा खाल्ला मी. चव तीच आहे.